पाठलाग, पोलीस ठाणं आणि स्वसंरक्षणाचा वर्ग : सोलापुरातले माझे चार महिने

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. शेवटी लिहायला बसले, कारण नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात रात्री दोन वाजता मी मोबाइलवर शोधत होते, 'कोणी पाठलाग करत असेल तर काय करावं'. मराठीत हाती लागलं ते सगळं 'घाबरू नका, धीट व्हा' या चालीचं. कुठे जायचं, बरोबर काय न्यायचं, किती वेळ जातो, किती पैसे लागतात, यातलं काहीच नव्हतं. ज्या बाईला आज रात्री तोच प्रश्न पडलाय, तिच्यासाठी हे लिहितेय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. घर जुळे सोलापुरात. सुटायला सात-सव्वासात होतात. शांती चौक, अशोक चौक, गुरुनानक चौक, सात रस्ता, मग विजापूर रोड. सहा वर्षं हाच रस्ता. इतका पाठ झालेला की घरी पोचल्यावर वाटेत काय दिसलं, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४. सात रस्त्याच्या सिग्नलला आरशात एक काळी मोटरसायकल दिसली. हीच शांती चौकातही मागे होती, असं वाटलं. एका वाटेने जाणारे कितीतरी असतात, म्हणून सोडून दिलं. मंगळवारी नव्हती. बुधवारी होती. पुढच्या आठवड्यातही एक-दोनदा दिसली. घरी बोलले नाही. बोलले असते तर सासूबाई काळजीपोटी 'नोकरी सोड' म्हणाल्या असत्या आणि नवरा तडक त्या माणसाला शोधायला निघाला असता. मला दोन्ही नको होतं. शिवाय आपल्याला भास तर होत नाही ना, ही शंका होतीच. आता मागे वळून बघताना सगळ्यात जास्त नुकसान त्या शंकेनेच केलं, असं वाटतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. विधानसभेचं मतदान होऊन दोन दिवस झालेले, दुसऱ्या दिवशी निकाल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी आडवी लावली आणि हेल्मेट काढलं. चेहरा ओळखीचा निघाला. आमच्याकडे सुताच्या पेट्या घेऊन येणाऱ्या टेम्पोवरचा माणूस. चलनावर सही करताना दोन-तीनदा मीच त्याच्यासाठी चहा सांगितला होता. "मॅडम, एवढं काय टाळताय? दोन मिनिटं बोलायचंय," म्हणाला.

माझा अंगठा हॉर्नच्या बटणावर होता. बटण अंगठ्याखाली गार लागत होतं, हे अजून आठवतंय. पण दाबता आलं नाही. ओरडावं, गाडी वळवावी, काहीच सुचलं नाही. इस्त्रीवाले मामा दुकानातून बाहेर आले आणि "काय बे, कोण पाहिजे?" असं मोठ्याने म्हणाले, तेव्हा तो निघून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. मी मात्र स्कूटी ढकलत घरी आले, कारण पाय इतके थरथरत होते की बसून चालवता येईना.

त्या रात्री घरी सगळं सांगितलं. सोमवारी, २५ तारखेला, नवऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. कोणत्या ठाण्यात, ते लिहीत नाही. दीड तास बाकावर बसल्यावर ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं. किती तारखांना मागे आला? किती वाजता? कुठून कुठपर्यंत? गाडीचा नंबर? नाव? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. "साधारण", "बहुतेक", "तीन-चारदा तरी". "अर्ज देऊन जा, चौकशी करतो," असं ते म्हणाले. मी अर्ध्या पानाचा अर्ज दिला आणि पोच न घेता घरी आले.

इथे झालेली चूक आधीच सांगते. माझी चुलत जाऊ वकील आहे. तिने नंतर समजावलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलाग हा कलम ७८ खालचा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे तोंडी सांगितलं तरी सहसा एफआयआर घ्यायला हवा. न घेतल्यास तीच माहिती लेखी, टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठायचं नाही. हे मला कोणीतरी २४ तारखेला सांगायला हवं होतं.

ठाण्यातून निघाले तेव्हा मनात एकच होतं. मारायला शिकायचं. पुन्हा गाडी आडवी आली तर हात उचलता आला पाहिजे.

तीन ठिकाणी चौकशी केली. एका कराटे वर्गात सगळी आठ-दहा वर्षांची मुलं होती. एका जिममध्ये तीन महिन्यांचे सहा हजार सांगितले. तिसरा वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते आठ. शिकवणाऱ्या मॅडम जुन्या ज्युदो खेळाडू. प्रवेश ३०० आणि महिना ९०० रुपये. १ डिसेंबरला, रविवारी, पहिल्यांदा गेले. आम्ही अकरा जणी होतो. दोघी कॉलेजच्या, एक सिव्हिलमधली नर्स, पूर्व भागातून येणाऱ्या तिघी, त्यांच्यातली एक मॅडमना 'अक्का' म्हणायची. पाहता पाहता सगळ्यांच्या त्या अक्का झाल्या.

मी गेल्या गेल्या विचारलं, मारायचं कधी शिकवणार. "शिकवते की," अक्का म्हणाल्या. "पण आज आधी चालून दाखवा." हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकीला चालायला लावलं. मग विचारलं, खिडक्या किती होत्या? दार कोणत्या बाजूला उघडतं? कोपऱ्यात काय ठेवलंय? माझं एकही उत्तर बरोबर आलं नाही. कोपऱ्यात मुलांचा लेझीमचा ढीग होता. मी त्याला वळसा घालून चालले होते आणि तरी तो मला दिसला नव्हता.

पहिला आठवडाभर हाताने काहीच केलं नाही. मनातून वैतागले होते. नऊशे रुपये देऊन खिडक्या मोजायच्या?

अक्कांनी रंगांची पद्धत सांगितली. अमेरिकेतल्या नेमबाजी शिकवणाऱ्यांकडून आलेली ती. पांढरा म्हणजे कशाकडेच लक्ष नाही. पिवळा म्हणजे अंग सैल, पण डोळे-कान उघडे. नारिंगी म्हणजे एका ठराविक गोष्टीवर लक्ष गेलंय आणि 'तसं झालं तर मी असं करीन' हे मनात ठरलंय. लाल म्हणजे आता करायचंच. पिवळ्यात दिवसभर राहता येतं, त्याचा शीण येत नाही. भीतीचा येतो. आणि पांढऱ्यातून एकदम लालमध्ये उडी मारायची वेळ आली की माणूस थिजतो. हे ऐकताना हॉर्नचं ते गार बटण आठवलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा स्वतःचा राग आला नाही. मी भित्री म्हणून थिजले नव्हते. शरीर घाबरलं की असंही वागतं. रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं, बोटं जड होतात, नजर एका ठिकाणी अडकते. म्हणूनच पर्समध्ये किल्ली किंवा स्प्रे शोधणं अशा वेळी जमत नाही.

गृहपाठ मिळाला. गर्दीच्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शांती चौकात उभी राहिले. चार ओळी लिहिल्या : 'रिक्षा. फळगाडी. ट्रॅफिक. ऊन.' गुरुवारी त्याच जागी पान भरलं. फळवाल्याचा तराजू डाव्या हाताला. औषधाच्या दुकानाची दोन दारं, मागचं बोळात उघडणारं. एक रिक्षा अशी की गिऱ्हाईक विचारायला गेलं तरी चालक नाही म्हणतोय, म्हणजे तो कोणाची तरी वाट बघतोय. पुढे त्याची बायको दवाखान्यातून बाहेर आली. काही वाईट निघालं नाही. पण 'नेहमीचं काय' हे कळलं की 'वेगळं काय' ते आपोआप टोचायला लागतं. आणि ओळखीची माणसं या हिशेबातून वगळायची नाहीत, यावर अक्का फार भर द्यायच्या. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो, वर्षानुवर्षं. माझ्या टेम्पोवाल्याला मी पहिल्या दिवशीच ओळखायला हवं होतं. पण ओळखीचं कोणी असेल, ही शक्यताच मनाने गाळून टाकली होती.

तीच वही मी मग घरच्या वाटेवर वापरली. अक्कांनी सांगितलेली पारख अशी : संशय आला तर चौकाला पूर्ण फेरी मारायची. साधा वाटसरू कोणत्या तरी फाट्याला वळतो, पाठीमागे येणाराच पूर्ण फिरतो. आणि तो मागे असताना घरी जायचं नाही. पेट्रोल पंप, मेडिकल, माणसं असलेलं दुकान, तिथे थांबायचं. २ ते १४ डिसेंबरमध्ये तो पाच वेळा दिसला. प्रत्येक वेळी थांबून लगेच लिहिलं. तारीख, वेळ, पहिल्यांदा कुठे दिसला, कुठपर्यंत आला, अंगात काय होतं, त्या वेळी आसपास कोण होतं. ६ तारखेला, शुक्रवारी, गुरुनानक चौकात नंबरप्लेट नीट वाचता आली. त्यानंतर आठवडाभर रस्ता बदलला, कुमठा नाक्यावरून आसरा पुलाकडून. तीन किलोमीटर जास्त आणि पुलावर गर्दी.

मीच का रस्ता बदलायचा, हा प्रश्न मी वर्गात रडत रडत विचारला. सगळ्या गप्प झाल्या. अक्का म्हणाल्या, "बदलायला नकोच होता. पण तक्रार उभी राहीपर्यंत तुम्ही सुखरूप पाहिजेत." मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि पटू नये असंही वाटतं. रस्ता बदलून मी वाचेन. तो माणूस उद्या त्याच चौकात दुसऱ्या कोणाच्या मागे लागेल. नुसतं टाळणं तिथे अपुरं पडतं.

मंगळवार, १७ डिसेंबर. अर्धी रजा टाकून, जाऊबाईंना बरोबर घेऊन पुन्हा ठाण्यात. या वेळी हातात वही, तिच्या झेरॉक्स, आमच्या गेटवरच्या रजिस्टरमधली त्याच्या टेम्पोची नोंद आणि आधार कार्ड. रजिस्टरची प्रत मालकांनी स्वतःहून दिली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बायकांना सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तेव्हा ऑफिसात सांगायला लाजू नका. मी पंधरा दिवस लाजले.

तेच अंमलदार, तेच प्रश्न. मी वही उघडून ठेवली. त्यांनी पान उलटलं, मग मागचं, मग पहिल्यापासून वाचलं आणि आतून महिला अधिकाऱ्यांना बोलावलं. या कलमात बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, हे आठवणीत ठेवा. सकाळी अकराला गेलो, साडेतीनला सही केली. सही करण्याआधी जबाब दोनदा वाचला. एका ठिकाणी 'ओळखीचा इसम' असं आलं होतं. ते मी 'कामानिमित्त कारखान्यात येणारा इसम' असं बदलून घेतलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मागून घ्या. डबा, पाणी आणि चार्जर बरोबर न्या.

त्याला अटक होईल, असं मला वाटत होतं. झाली नाही. पहिल्या वेळच्या गुन्ह्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि तो जामीनपात्र. अशा गुन्ह्यात सहसा हजर राहण्याची नोटीस देतात. त्याला तशीच दिली. त्या रात्री झोप लागली नाही. पण त्याच्या मालकाने त्याला आमच्या फेरीवरून काढलं आणि काळी मोटरसायकल आरशातून नाहीशी झाली. ९ जानेवारीला, गुरुवारी, कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३. आत गेल्यावर वीस मिनिटं, बाहेर तीन तास. तिथेही वहीतल्या तारखांनीच आधार दिला.

इकडे वर्गात डिसेंबरच्या मध्यापासून हात चालू झाले होते. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवायचं, कारण पकड तिथेच उघडी असते. मुठीने मारू नका, बोटं मोडतात, तळव्याच्या खालच्या भागाने मारा. गुडघा. नडगी. पडायचं कसं, हे तर तीन रविवार. हनुवटी छातीला, हात तिरका आपटायचा, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. स्कूटी चालवणाऱ्या प्रत्येकीने निदान एवढं तरी शिकावं.

मी साडेतीनशे रुपयांचा मिरची स्प्रे घेतला होता. अक्कांनी फरशीवर खडूने एकवीस फुटांवर रेघ मारली. कॉलेजमधली एकजण रेघेवर, मी इकडे, स्प्रे पर्समध्ये. "ती निघाली की काढा." ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा माझ्या हातात डब्याची पिशवी आली होती. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये हे अंतर प्रसिद्ध केलं. एकवीस फूट माणूस साधारण दीड सेकंदात कापतो. स्प्रे आता ओढणीखाली पट्ट्याला असतो. वाऱ्याची दिशा बघायची, नाहीतर तो आपल्याच डोळ्यांत येतो. आणि डब्यावर मुदत लिहिलेली असते.

सगळ्यात अवघड गेलं ते ओरडणं. एक हात पुढे करून, डोळ्यांत बघून, पोटातून 'मागे हो!' पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून आलं, "अहो, मागे व्हा ना." कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं तेच झालं होतं. नर्सबाई तर हात पुढे करूनच रडायला लागल्या. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात, माझा आवाज हॉलच्या भिंतीवर आपटून परत आला. तो ऐकून मीच दचकले.

कॅनडातल्या एका प्रयोगाबद्दल अक्कांनी सांगितलं, मग मी स्वतः शोधून वाचलं. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. आधी धोका ओळखणं, मग ओळखीच्या माणसाबद्दल 'हा धोका आहे' हे स्वतःशी कबूल करणं, मग तोंडाने आणि हाताने विरोध. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या मुलींत ९.८ टक्के, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२. मधला टप्पा वाचताना मी थांबले. चहा सांगितलेल्या माणसाला धोका म्हणणं मला हातापायांपेक्षा जड गेलं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी. नवी पेठेत मुलीसाठी ड्रेस घ्यायला गेले होते. साधारण साठ पावलांवर, पाणीपुरीच्या गाडीपाशी तो दिसला. त्याने मला पाहिलं आणि गाडी सोडून इकडे निघाला. मुलीचा हात धरला आणि आत चार-पाच कामगार असलेल्या कापड दुकानात शिरले. गल्ल्यावरच्या काकांना सांगितलं, "तो निळ्या शर्टवाला माझ्या मागे येतोय, त्याच्यावर पोलीस केस आहे." आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला. आवाज कापत होता, पण दुकानाचं नाव, शर्टाचा रंग, एफआयआर नंबर सांगता आला. काका दारात जाऊन उभे राहिले. तो दोन दुकानं अलीकडेच थांबला आणि वळला. पोलीस बारा-चौदा मिनिटांत आले. सोमवारी पुरवणी जबाब झाला, त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

रविवारी वर्गात मी पडेल चेहऱ्याने सांगितलं, अक्का, तीन महिने शिकले आणि वेळ आली तर दुकानात पळाले. त्यांनी विचारलं, "मुलगी कुठाय?" घरी, झोपलीय. "बरं," म्हणाल्या आणि पुढची जोडी बोलावली. जाऊबाईंनी त्याच दुपारी कायद्याची बाजू सांगितली. स्वतःच्या बचावाचा हक्क आहेच, पण गरजेपेक्षा जास्त इजा केलेली चालत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७. साठ पावलं असताना मी त्याच्या अंगावर गेले असते तर माझ्या केसचं काय झालं असतं, हे मला आता समजतं.

२३ फेब्रुवारीला शेवटचा वर्ग. जाड पॅड बांधलेल्या एका दादांनी मागून धरलं. अक्का घड्याळ लावून दारापाशी उभ्या. कोपर, टाच, झटका, आणि मी दारातून बाहेर. नऊ सेकंद. किती मारलं, हे अक्कांनी विचारलंच नाही. घड्याळ मी दाराबाहेर पडले तेव्हाच थांबलं.

एकूण खर्च : वर्ग ३,०००, स्प्रे ३५०, झेरॉक्स आणि रिक्षा मिळून पाचशेच्या आसपास, शिवाय चार अर्ध्या रजा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तपास अधिकाऱ्यांचा फोन आला, आरोपपत्र दाखल झालंय. नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवावी लागते. फोन नाही आला तर आपण जाऊन विचारायचं.

मी परत सात रस्त्यावरूनच घरी येते. ऑफिसातल्या आम्ही चौघी सव्वासातला एकत्र निघतो आणि शांती चौकापर्यंत बरोबर असतो. इस्त्रीवाले मामा दिवा चालू ठेवतात. मूळ वही जाऊबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला सांगितलीय, कोर्टात दाखवावी लागेल. तिचं एकही पान फाडायचं नाही, चार ओळींचं ते पहिलं पानसुद्धा. तारीख लागली की ती घेऊन जायचं.